हळदीकुंकवाबाहेरच्या दोघी

माणिकबाई टिपणीसांना आयुष्यात जवळजवळ सगळं जमलं. सुक्या सोड्यांची खिचडी जमली, विम्याच्या कचेरीतली नोकरी जमली, तापट नवरा जमला, अबोल मुलगा जमला. जमलं नाही ते एकच, समोरच्या माणसाला 'नाही' म्हणणं. समोर जो उभा असेल त्याचं म्हणणं त्यांना त्या क्षणी अगदी मनापासून पटायचं. सकाळी दूधवाला म्हणाला की हल्ली म्हशीच पातळ दूध देतात, तर माणिकबाई हळहळत, "बिचाऱ्या! उन्हाळाच तसा आहे." दूधवाल्याची पाठ वळते न वळते तोच शेजारीण म्हणाली की मेला पाणी घालतो, तर "घालतो काय? नळच सोडतो!" यात ढोंग मुळीच नव्हतं. म्हशींबद्दलचा कळवळा खरा होता आणि नळाबद्दलचा संतापही खरा होता. कचेरीत त्या खिडकीवर बसत तेव्हा लोक हटकून त्यांच्याच रांगेत उभे राहत. काम व्हायचं नाही ते नाहीच, पण आपलं म्हणणं बरोबर होतं एवढं समाधान घेऊन माणूस घरी जायचा.

अशा बाईला खरं तर शंभर मैत्रिणी हव्यात. माणिकबाईंना एकही नव्हती. प्रत्येकाला होकार देणारी बाई सगळ्यांना आवडते, पण ती गेली तर कुणाच्या लक्षात येत नाही. ती बसली होती तिथे आपलंच म्हणणं बसलेलं असतं.

विद्याधर टिपणीस गेल्यावर मुलुंडचं जुनं घर विकलं आणि मुलगा शौनक आईला घेऊन नाहूरच्या एका टॉवरमध्ये राहायला आला. फ्लॅटमध्ये सगळं होतं, फक्त स्वयंपाकघराला भिंत नव्हती. "हे ओपन किचन आहे, आई," असं सूनबाई गार्गीने कौतुकाने सांगितलं. माणिकबाईंना ते तात्काळ पटलं. "हो ना, भिंती हव्यातच कशाला!" पहिल्याच रविवारी त्यांनी सुके बोंबील तव्यावर टाकले, तेव्हा भिंती कशाला असतात ते सगळ्या घराला कळलं. सोफा, पडदे, शौनकचे ऑफिसचे शर्ट, गार्गीची योगाची चटई, सगळं आठवडाभर बोंबलांच्या नावाने घमघमत होतं. गार्गी एका शब्दाने रागावली नाही. स्वभावाने चांगली मुलगी. तिने फक्त हवा शुद्ध करणारं एक यंत्र आणलं आणि माणिकबाईंच्या खोलीच्या दारात ठेवलं. त्यावर एक बारीक दिवा होता. हवा बिघडली की तो लाल व्हायचा. आपण जवळून गेलो की तो लाल होतो, असा माणिकबाईंना कायमचा संशय होता.

नव्या घरातल्या पहिल्या संक्रांतीला टॉवरच्या महिला मंडळातली एक मुलगी हळदीकुंकवाचं आमंत्रण करत दारोदार फिरत होती. तिने बेल वाजवली. गार्गी कामावर गेली होती. दार माणिकबाईंनी उघडलं. "गार्गीताईंना सांगाल का, संध्याकाळी क्लबहाउसमध्ये या म्हणून?" मुलीने सांगितलं आणि मग तिची नजर माणिकबाईंच्या मोकळ्या कपाळावर गेली. "तुम्ही म्हणजे… काकू, तुम्हाला उगाच दगदग होईल."

"होईलच गं दगदग," माणिकबाई म्हणाल्या. दार लावल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला बोलावलेलं नाही, आणि त्याला आपण स्वतःच दुजोराही देऊन बसलो.

संध्याकाळी गार्गी काठापदराची साडी नेसून खाली गेली. माणिकबाईही थोड्या वेळाने उतरल्या, पण इमारतीच्या मागच्या बाजूला. सांडपाणी शुद्ध करायच्या टाकीपलीकडे तिथे सिमेंटची दोन बाकं आहेत. टॉवरच्या माहितीपत्रकात त्या जागेचं नाव 'निवांत कोपरा' असं होतं. क्लबहाउसच्या भिंतीवरचा कर्णा नेमका तिकडेच तोंड करून असल्यामुळे आतल्या बायकांचे उखाणे तिथे आतल्यापेक्षा स्पष्ट ऐकू येत. एका बाकावर एक भक्कम बांध्याची बाई आधीच बसली होती. मांडीवर उकडलेल्या शेंगांचा पुडा होता.

"तुम्हालाही नाही बोलावलं वाटतं?" तिने शेंग फोडत विचारलं.

"बोलावलं होतं हो. पण दगदग होईल म्हणून…"

"कुणी सांगितलं दगदग होईल?"

"त्यांनीच."

ती बाई इतक्या मोठ्याने हसली की आतला एक उखाणा ऐकूच आला नाही. "माझ्या दारात आलेली तर पळूनच गेली. भिंतीवरचा फोटो बघितला आणि म्हणते, सॉरी काकू, चुकून बेल वाजली. चुकून काऊन वाजेल? बोट लागते तिला!"

"तुम्हाला वाईट वाटलं असेल."

"छ्या! माझ्या आईने छप्पन साली सोडलं हे सगळं, मी जन्मायच्या आधी. बोलावलं असतं तरी गेले नसते मी. पण बाई, नाही म्हणायला तरी मिळायला पाहिजे का नको? तेवढा माझा हक्क होता ना!"

नाही म्हणायला मिळालं नाही म्हणून चिडलेली बाई माणिकबाईंनी जन्मात पहिल्यांदा पाहिली. त्या तिच्या शेजारी जाऊन बसल्या.

ती द्रौपदी तायडे. मूळची बुलढाण्याकडची. आईने छप्पन साली सगळं सोडलं, पण नाव ठेवायचा मान आजीकडे राहिला, म्हणून द्रौपदी. म्युनिसिपालिटीच्या इस्पितळात उभा जन्म नर्स म्हणून गेला आणि इन्चार्ज सिस्टर म्हणून त्या निवृत्त झाल्या. आता लेक दीप्ती आणि जावई प्रबुद्ध यांच्याकडे, माणिकबाईंच्या वरच्या मजल्यावर राहत होत्या. दीप्ती पवईला कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. "जावई सोन्यासारखा आहे," द्रौपदीबाई म्हणाल्या, "पण घर त्याचं, टीव्ही त्याचा, टीव्ही कधी लावायचा तेही त्याचं. मी तिथे पेशंट. जेवण वेळेवर, चौकशी वेळेवर, डिस्चार्ज नाही."

तेवढ्यात कर्ण्यातून कुणीतरी नवऱ्याचं नाव चांदण्यात गुंफलं. द्रौपदीबाईंनी शेंगांची टरफलं झटकली आणि ठसक्यात म्हणाल्या, "गच्चीवरल्या टाकीवर बसला कावळा, तायडेसाहेबांनी संपवला माझाच डबा सगळा!"

माणिकबाईंना हसता हसता ठसका लागला. द्रौपदीबाईंनी त्यांच्या पाठीत दोन सणसणीत थापट्या मारल्या. मैत्री झाली ती अशी.

थोड्याच दिवसांत 'तुम्ही'चं 'तू' झालं आणि 'माणिक'चं 'माणके'. संध्याकाळ झाली की दोघी मागच्या बाकावर. द्रौपदीबाईंना जगातली एकही गोष्ट वाद घातल्याशिवाय मान्य होत नसे, आणि माणिकबाईंना सगळंच मान्य. त्यामुळे सुरुवातीला द्रौपदीबाई वैतागत. "माणके, मला काय पाहिजे ते मला माहीत आहे. तुला काय पाहिजे ते सांग."

हा प्रश्न माणिकबाईंना आईने, नवऱ्याने, साहेबाने, मुलाने, कुणीच कधी विचारला नव्हता. त्यांनी बरेच दिवस विचार केला. मग एका संध्याकाळी लाजत म्हणाल्या, "मला चार भिंतींचं स्वयंपाकघर पाहिजे. खिडक्या सताड उघड्या टाकून बोंबील तळायचेत."

"मग त्यात लाजायचं काय आहे?" द्रौपदीबाई म्हणाल्या. "मला समुद्रात गळ्यापर्यंत जाऊन उभं राहायचंय. आमच्या बुलढाण्याच्या माणसाला गुडघ्याच्या वरचं पाणी ठाऊक नसतं."

दोन्ही एकाच जागी कुठे होईल याचा शोध घ्यायला दोघी एका दुपारी घरी न सांगता निघाल्या. बसने मालाड, तिथून मार्वे, मार्व्याहून होडीने पलीकडे मनोरी. गावात फिरता फिरता एक बंद घर दिसलं. कौलारू, दोन खोल्या, चार भिंतींचं स्वयंपाकघर, पुढे पडवी, बाजूला विहीर. समुद्र दिसत नव्हता, पण ऐकू येत होता. घराचा मालक जयवंत शेजारीच राहायचा. पूर्वी मासेमारी करायचा, आता घरं भाड्याने देतो. "सध्या एक कुटुंब आहे, ते गेलं की कळवतो," म्हणाला.

त्या दिवसापासून दोघी रोज संध्याकाळी बाकावर बसून ते घर लावू लागल्या. पुढची खोली माणिकबाईंची, कारण त्यांना पहाटे जाग येते. मागची द्रौपदीबाईंची, कारण जन्मभर ड्युटी केलेल्या बाईला आता उन्हं अंगावर आल्याशिवाय उठायचं नव्हतं. कोंबड्या पाळायच्या की नाहीत यावर एवढं कडाक्याचं भांडण झालं की दोघी दोन दिवस बोलल्या नाहीत. माणिकबाई आयुष्यात पहिल्यांदा कुणाशी तरी भांडल्या होत्या. ते दोन दिवस त्या घरी गाणं गुणगुणत होत्या. शौनकला हे मनोरीचं कळलं तेव्हा तो म्हणाला, "आई, तू खरंच क्यूट आहेस." बस, एवढंच. पण बाकावर बसून घर लावणाऱ्या बायकांना मुलांच्या परवानगीचं काय?

दोन-तीन संक्रांती अशाच बाकावर गेल्या आणि यंदाच्या जानेवारीत जयवंतचा फोन आला. घर रिकामं झालं होतं. "शनिवारी दोघी या, मावशी. समोरासमोर बोलू. एकट्या माणसाला मी देत नाही. मागे एक पोरगा एकटाच आहे म्हणाला आणि वाढदिवसाला अख्खं कॉलेज घेऊन आला. आणि रविवारी दुपारी दुसरी पार्टी बघायला येतेय, मग माझ्या हातात काही नाही."

"शनिवारी दोघी येतो," द्रौपदीबाईंनी सांगितलं. त्या संध्याकाळी त्यांनी कोंबड्यांना संमती देऊन टाकली.

आणि गुरुवारी माणिकबाईंच्या दारात शकुताई देवस्थळी उभी राहिली.

शकुताई म्हणजे महिला मंडळाची अध्यक्ष, सूत्रसंचालक आणि ध्वनिव्यवस्था. बाई मनाने निर्मळ, पण तिच्या अंगात एकदा कार्यक्रम शिरला की तो झाल्याशिवाय निघत नसे. "काकू!" तिने माणिकबाईंचे दोन्ही हात धरले. "यंदा आम्ही क्रांती करतोय. विधवा… म्हणजे एकल महिलांना सन्मानाने हळदीकुंकवाला बोलावतोय. पहिलं कुंकू तुम्हाला! शनिवारी चारला. पुढच्या रांगेत, मधली खुर्ची."

टिपणीस गेल्यावर कुणी त्यांच्या कपाळाला बोट लावलं नव्हतं. बाकावर बसून त्या हळदीकुंकवाला जितकं हसल्या होत्या, तितकंच त्यांना ते हवं होतं, हे त्यांना त्या क्षणी कळलं. आणि कळल्याबरोबर त्यांना स्वतःची लाज वाटली. पण मधली खुर्ची! आणि शनिवार!

"शनिवारी जरा…" त्यांनी सुरुवात केली.

"काकू, नाही म्हणायचं नाही! पत्रिका छापल्यात."

ज्या बाईला नाही म्हणताच येत नाही तिला ही ताकीद म्हणजे कहरच. तरी माणिकबाईंनी धीर करून विचारलं, "वरच्या द्रौपदी तायडे आहेत ना, त्याही एकट्याच आहेत. त्यांनाही…"

शकुताईने आवाज उतरवला. "तायडे? मी बघितलेलं नाही त्यांना, पण त्यांच्यात नसतं ना काकू हे. उगाच त्यांना ऑकवर्ड होईल. नाही का?"

माणिकबाईंना ठाऊक होतं की द्रौपदीला ऑकवर्ड बिलकुल होणार नाही. द्रौपदी खणखणीत आवाजात नाही म्हणेल, आणि तेवढं म्हणायला मिळावं म्हणून तर ती केव्हाची थांबली आहे. एवढंच सांगायचं होतं. पण समोर शकुताई होती, आणि माणिकबाई म्हणाल्या, "हो ना. तिला नाही आवडायचं."

शुक्रवारी संध्याकाळी त्या बाकावर गेल्याच नाहीत. फोन केला. "द्रौपदी, अगं गुडघ्याने दगा दिला. उद्याचं काही जमेलसं दिसत नाही."

"कोणता गुडघा?"

"डावा."

"परवापर्यंत तर उजवा कुरकुरत होता."

"दोन्ही गं," माणिकबाई घाईने म्हणाल्या.

द्रौपदीबाई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "बरं. पाय उशीवर ठेवून पडून राहा. मी जयवंतला सांगते, रविवारी सकाळी लवकर येतो, त्या पार्टीच्या आधी. गेलं थोडंच घर कुठे!" फोन ठेवल्यावर माणिकबाईंनी हिशेब मांडला. शनिवारी कुंकू, रविवारी मनोरी. कुणाचं काही बिघडलं नाही. हिशेब बरोबर येत होता. तरी त्या रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिल्या.

शनिवारी गार्गीने स्वतः त्यांना साडी नेसवली. निऱ्या धरताना ती म्हणाली, "आई, मला खरंच खूप बरं वाटतंय." गार्गी इतकं जवळ कधी आली नव्हती. क्लबहाउस झेंडूंनी लगडलेलं होतं. शकुताईने माइकवरून क्रांतीची घोषणा केली, टाळ्या झाल्या, आणि तिच्या बोटाचं ओलं कुंकू माणिकबाईंच्या कपाळाला लागलं. माणिकबाई घळघळा रडल्या. ते रडणं खोटं नव्हतं, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतंच. त्यांच्या ओटीत वाण पडलं. मोबाईल उभा करून ठेवायचं एक गुलाबी स्टॅण्ड. तेही त्यांनी छातीशी धरलं.

इथेच कार्यक्रम संपायला हवा होता. पण शकुताईच्या कार्यक्रमात 'मनोगत' असतंच. तिने माइक माणिकबाईंच्या हातात दिला आणि ओल्या आवाजात विचारलं, "काकू, इतकी वर्षं या टॉवरमध्ये किती एकटं वाटलं असेल ना तुम्हाला?"

"हो गं," माणिकबाई म्हणाल्या. समोरच्या रांगेत एकीने डोळ्याला पदर लावला. तो बघून माणिकबाईंना आणखी भरून आलं. "अगदी एकटी. तिकडे मागे बसून तुमचे उखाणे ऐकायची. बोलायला माणूस नव्हतं हो. कुणी म्हणजे कुणी नव्हतं मला इथे."

सगळा हॉल हळहळला. माणिकबाईंनी समाधानाने मान वर केली, आणि त्यांना दारात द्रौपदी दिसली.

हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी होती. चपला बाहेर काढून ठेवलेल्या होत्या. घरी जाऊन बेल वाजवली असणार, आणि 'आई खाली हळदीकुंकवाला गेलीय' असं शौनकने निरागसपणे सांगितलं असणार. द्रौपदीबाईंनी माणिकबाईंचं कपाळ बघितलं, साडी बघितली, दोन्ही गुडघे बघितले.

शकुताई करंडा घेऊन धावली. "या ना काकू, या! आज सगळ्या आपल्याच!"

"नाही," द्रौपदीबाईंनी हात वर केला. "मी पेशंट बघायला आले होते. पेशंट बरा दिसतोय." आणि त्या वळल्या.

शकुताईने गोंधळून माणिकबाईंकडे पाहिलं. "कोण हो त्या?"

अजून वेळ होता. द्रौपदीबाई दाराबाहेर चपला घालत होत्या. माणिकबाईंनी नुसतं 'माझी मैत्रीण' म्हटलं असतं तरी पुष्कळ होतं. पण पन्नास बायका ज्या एकाकी विधवेसाठी डोळे पुसत होत्या, तिला मैत्रीण कुठून असणार?

"वरच्या मजल्यावर राहतात," त्या म्हणाल्या.

नंतर बटाटेवडे झाले, उखाणे झाले, फोटो झाले. प्रत्येक फोटोत माणिकबाई मधोमध आहेत. उठून जायचं तर सगळ्यांसमोर उठावं लागलं असतं, म्हणून त्या शेवटपर्यंत बसून राहिल्या.

संध्याकाळी त्यांनी लिफ्टच्या आरशासमोर माफीची तालीम केली. 'अगं, मला अचानक धरून नेलं.' खोटं. 'मी तुझं नाव सुचवलं होतं.' खरं, पण पुढचं वाक्य त्याहून खरं. 'माझ्या बोलण्याचा तसा अर्थ नव्हता.' मग कसा होता? आरशातल्या कपाळावर कुंकू चांगलं ठसठशीत दिसत होतं. ते पुसावं तर कुंकवाचा अपमान, तसंच ठेवावं तर द्रौपदीचा. शेवटी त्यांनी पदर पुढे ओढला आणि वरच्या मजल्यावरची बेल वाजवली. दार प्रबुद्धने उघडलं. "आई झोपल्यात, काकू," तो अवघडून म्हणाला. आत द्रौपदीबाईंचा कुकरच्या शिट्टीवरून कुणाशी तरी चाललेला वाद स्वच्छ ऐकू येत होता.

"हो का? झोपू दे, झोपू दे," माणिकबाई म्हणाल्या.

रविवारी सकाळी फोन आला नाही. माणिकबाईंनी तयार होऊन वाट पाहिली आणि मग वर गेल्या. आता दार दीप्तीने उघडलं. तिच्या चेहऱ्यावरून तिला सगळं माहीत आहे हे कळत होतं. "आई मनोरीला गेली, मावशी. सकाळीच." ती एवढंच बोलली, पण इतकं होऊनही 'मावशी'च म्हणाली हे माणिकबाईंना फार लागलं.

त्या एकट्या निघाल्या. बस, मार्वे, होडी. होडीत सहलीला निघालेली पोरं गाणी म्हणत होती. एकीने त्यांना बसायला जागा दिली आणि विचारलं, "आजी, कुणाकडे जाताय?" माणिकबाई पिशवीत हात घालून सुटे पैसे शोधू लागल्या.

घर उघडं होतं. पडवीत द्रौपदीबाई आणि जयवंत बसले होते, मध्ये किल्ली ठेवलेली. माणिकबाई पायरीपाशी थांबल्या. द्रौपदीबाईंनी पाहिलं आणि नजर विहिरीकडे वळवली.

जयवंत मात्र खुलला. "या, या! बघा ना, एकट्या बाईला देत नाही म्हटलं, तर या मलाच विचारतात, 'एकटी बाई वाढदिवसाला अख्खं कॉलेज बोलावते का?' मी गारच पडलो. देऊन टाकलं घर." मग त्याने सहज विचारलं, "मागे आलात तेव्हा विचारायचं राहिलं, तुम्ही यांच्या कोण, मावशी?"

माणिकबाईंनी द्रौपदीबाईंकडे पाहिलं. मदत नाही. समोरचा माणूस काहीतरी म्हणतो आणि आपण 'हो ना' म्हणतो, हा त्यांचा सगळा जन्म. आज समोरची बाई काही म्हणतच नव्हती.

"मी यांची मैत्रीण होते," त्या म्हणाल्या, आणि मग थांबताच येईना. "काल मी यांना खोटं सांगितलं. गुडघा दुखतो म्हटलं आणि हळदीकुंकवाला गेले. तिथे माइकवर सांगितलं की मला कुणी नाही. या दारात उभ्या होत्या. कोण म्हणून विचारलं तर म्हटलं, वरच्या मजल्यावर राहतात. यांना बोलावलं नव्हतं, ते मला आधीपासून माहीत होतं. आवडायचं नाही असं यांच्या वतीने मीच सांगून टाकलं होतं."

जयवंत कावराबावरा झाला. "मावशी, मी आपलं सहज विचारलं हो. चहा सांगतो." आणि तो शेजारच्या आपल्या घराकडे सटकला.



"झालं तुझं सांगून?" द्रौपदीबाईंनी विचारलं.

"हो."

"आता ऐक. कुंकवाचं मला काही नाही. तुला हवंसं वाटलं, लावलंस. मला सांगितलं असतंस तर मी तुला तयार करून पाठवली असती आणि इथे बसून चिडवली असती. गुडघ्याचंही सोड. पेशंट खोटं बोलतात, माझा जन्म त्यात गेला. पण माणके, ते शेवटचं तू माइकात बोललीस. माइक तुझ्या हातातच होता. चपला घालता घालता ऐकलं मी. मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं असेल."

माणिकबाईंना वाटलं, जमीन नको दुभंगायला, निदान विहीर तरी जवळ यावी. "मी चुकले गं," त्या कशाबशा म्हणाल्या.

"हाव. चुकलीस." द्रौपदीबाईंच्या आवाजात राग नव्हता. वॉर्डमध्ये नातेवाइकांना सांगतात तसं त्या सरळ सांगत होत्या. "दोघींचं घर काल दुपारीच गेलं. हे मी एकटीने घेतलंय."

माणिकबाईंची नजर पुढच्या खोलीकडे गेली. खिडकी उघडी होती. तिच्यातून पलीकडच्या स्वयंपाकघराच्या भिंती दिसत होत्या. माझ्या खोलीचं काय, हे विचारायची त्यांची छाती झाली नाही.

द्रौपदीबाईंना ते न विचारताच ऐकू आलं. "तिथे दीप्ती आणि प्रबुद्ध आले की झोपतील. तू पण येत जा अधूनमधून. पाहुणी म्हणून ये. बघू पुढे."

"येईन," माणिकबाई म्हणाल्या. "तू म्हणशील तेव्हा."

जयवंतची बायको दोन कप चहा ठेवून गेली. दोघींनी तो प्याला. कोंबड्यांचा विषय निघण्यासारखा होता, शेजारच्या अंगणात चार-पाच फिरतही होत्या, पण तो कुणी काढला नाही. चहा संपला तशी माणिकबाई चटकन उठल्या. निदान एवढं तरी आपल्या हातून होऊ दे, अशा घाईने त्यांनी दोन्ही कप उचलले आणि आतल्या नळाकडे निघाल्या.

द्रौपदीबाईंनी उंबऱ्यातच त्यांच्या हातातून कप काढून घेतले. "राहू दे. पाहुण्यांनी कप विसळायचे नसतात."

त्या आत गेल्या. नळ सोडल्याचा आवाज आला. माणिकबाई रिकाम्या हातांनी पडवीत उभ्या राहिल्या. बसावं की निघावं, हे त्यांना कळत नव्हतं, आणि आतून कुणी सांगतही नव्हतं.